प्रामाणिक बायको

तृतीय वर्षाच्या वर्गाला शेक्सपिअरचं ‘ऑथेल्लो’ शिकवताना मी दरवर्षी एक ओळ मराठीत करायला सांगायची. तिसऱ्या अंकातली. हाताखालच्या इयागोनं ऑथेल्लोच्या कानात विष ओतून झालेलं असतं, आणि तो दांडगा सेनापती आतल्या आत ढासळत म्हणतो, की माझी बायको ‘ऑनेस्ट’ आहे असं मला वाटतं आणि नाही असंही वाटतं. एका वर्षी मागच्या बाकावरून एक पोरगा उठला आणि ठसक्यात म्हणाला, “माझी बायको प्रामाणिक आहे असं मला वाटतं.” वर्ग फिस्सकन हसला. त्याचा शेजारी म्हणाला, “म्हणजे भाजीतले उरलेले पैसे परत देते!”

मीही हसले. घरी येताना एसटीत बसल्यावर मात्र वाटलं, त्या पोराचं काही चुकलं नव्हतं. कोशात पहिला जो अर्थ सापडतो तोच त्यानं लिहिला होता. आमचं कॉलेज कृष्णाकाठच्या एका तालुक्याच्या गावातलं. मुलं उसाच्या घरातली, कोश वापरायची ती सुद्धा चौघांत एक. नवऱ्याला बायकोचा संशय येतो ही गोष्ट त्यांना समजावून सांगावी लागत नसे. हे नाटक महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ सालीच मराठीत आणलं, पुढं देवलांनी त्याचा ‘झुंझारराव’ केला, आणि आपल्या प्रेक्षकांना कथानक कधीच परकं वाटलं नाही. अडायचं ते या एका शब्दापाशी.

‘ऑनेस्ट’च्या मुळाशी लॅटिनमधला ‘मान’ आहे. ज्याला मान आहे तो ऑनेस्ट. शेक्सपिअरच्या काळी पुरुषाला हा शब्द लावला की सरळ, खरं बोलणारा, भरवशाचा, जरा रांगडा पण मनाचा साफ, असं बरंच काही त्यात मावायचं. बाईला लावला की एकच. नवऱ्याखेरीज कुणाला शिवू दिलं नाही, एवढंच. हॅम्लेट ऑफिलियाला भर दालनात विचारतो, “तू ऑनेस्ट आहेस का?” तेव्हा तो ती खरं बोलते की खोटं हे विचारत नसतो, आणि तिलाही ते कळलेलं असतं. ‘ऑथेल्लो’त हा शब्द आणि त्याचं भाववाचक रूप मिळून पन्नासहून जास्त वेळा येतं. त्यातला मोठा वाटा इयागोच्या पदरात पडतो. जो तो त्याला ‘ऑनेस्ट इयागो’ म्हणतो, आणि तो पहिल्या प्रवेशापासून शेवटच्यापर्यंत खोटं बोलत असतो.

गंमत पुढं आहे. ऑथेल्लोची बायको डेस्डिमोनाही खोटं बोलते. नवऱ्यानं दिलेला रुमाल हरवलेला असताना ‘हरवला नाही’ म्हणते. आणि मरता मरता, “हे कुणी केलं?” या प्रश्नाला उत्तर देते, “कुणी नाही, मीच.” खुनी नवऱ्याला वाचवण्यासाठी. त्या पोराच्या मराठीत सांगायचं तर ही बाई प्रामाणिक नाही, दोनदा खोटं बोललेली आहे. पण नाटकातल्या कुणालाच त्या खोट्याशी कर्तव्य नाही. तिच्या प्रामाणिकपणाची जागा तोंडात नव्हतीच.

तेव्हापासून मला नाद लागला. जुन्या इंग्रजीत बाईच्या ‘चांगुलपणा’साठी जे जे शब्द होते ते गोळा करायचे. निवृत्तीनंतर लोक बाग करतात, मी हे केलं. घरच्यांनी एक-दोनदा विचारलं, “अजून त्याच बायकांचं चाललंय का?” हो, त्याच बायकांचं.

सगळ्यांत जुना शब्द साधा आहे: ‘क्लीन’. नॉर्मन फ्रेंच येण्याआधीच्या इंग्रजीत पावित्र्याला वेगळा भारदस्त शब्द नव्हता. शरीरानं शुद्ध राहिलेल्या माणसाला ‘क्लॅन’ म्हणायचे, म्हणजे स्वच्छ. (याच शब्दाचा जर्मन भाऊ ‘क्लाइन’. त्याचा अर्थ आज ‘लहान’. हे मला कळलं तेव्हा मी वहीत दोन उभ्या रेघा ओढून ठेवल्या.) दहाव्या शतकाच्या अखेरीला एल्फ्रिक नावाचा एक मठवासी लोकांसाठी प्रवचनं लिहीत होता. त्यात तो बायबलातल्या पेरणाऱ्याच्या दृष्टांतातलं धान्य वाटून देतो: काही बी तीसपट येतं, काही साठपट, काही शंभरपट. तीसपट म्हणजे संसारी, साठपट विधवा, शंभरपट कुमारिका. कापणीनंतर खळ्यावर माप लावावं तशी माणसं मोजलेली.

साठपट वाचलं आणि मला माई आठवल्या. माझ्या वडिलांच्या आत्या. बाराव्या वर्षी नवरा गेला, केस गेले, आणि अंगावर तांबडं आलवण आलं ते सरणापर्यंत राहिलं. घरात त्यांना ‘सोवळ्या’ म्हणत. लहानपणी मला वाटायचं हा त्यांचा स्वयंपाकघरातला हुद्दा आहे. सोवळ्यात असताना मी एकदा धावत जाऊन त्यांच्या पाठीला मिठी मारली. पौषातली सकाळ. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, विहिरीवर गेल्या, पुन्हा गार पाण्यानं अंघोळ करून आल्या आणि डाळ निवडायला बसल्या. सोवळी म्हणजे स्वच्छ. ‘क्लॅन’ला इतका चपखल मराठी शब्द दुसरा नाही, आणि तो आम्ही एका माणसाला नावासारखा लावला होता. तो काही तिच्या स्वभावावरून दिलेला नव्हता. तिला कुणी हात लावायचा नाही, अशी ती पाटी होती.

‘चेस्ट’ म्हणजे शीलवान, हा शब्द फ्रेंचांबरोबर आला, तेराव्या शतकात. मूळ लॅटिन ‘कास्तुस’, शुद्ध. त्याच्याच घरातलं ‘चेस्टाइझ’: शुद्ध करणं, म्हणजे झोडपणं. आपल्याकडेही ‘शिक्षा’ एकीकडे शाळेत जाते आणि दुसरीकडे तुरुंगात, त्यामुळे मला नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते दुसऱ्या एका नातेवाइकाचं. बहुतेक कोशकार पोर्तुगीज ‘कास्ता’ हा शब्द याच ‘कास्तुस’कडे नेतात. शुद्ध, भेसळ नसलेलं कूळ. पोर्तुगीज गोव्यात उतरले, इथली उतरंड त्यांनी पाहिली आणि तिला हाच शब्द लावला. १५६७च्या गोव्याच्या धर्मपरिषदेच्या ठरावांत तो आढळतो. तिथून इंग्रजीत ‘कास्ट’. म्हणजे इंग्रजीत बाईचं शील आणि हिंदूंची जात हे दोन शब्द सख्ख्या नसल्या तरी चुलतबहिणी आहेत.

व्युत्पत्तीवर फार भार टाकू नये, शब्दांची कुळं लावणारे पुष्कळदा हौशी जोशीबुवांसारखे वागतात. पण मे १९१६मध्ये न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमराव आंबेडकरांनी जातींवर जो निबंध वाचला, त्यात हे नातं शब्दांत नव्हे तर व्यवहारात दाखवलेलं आहे. जात म्हणजे बेटीबंदी. ती टिकवायची तर नवरा मेलेल्या बाईचं करायचं काय, हा प्रश्न. एक, तिला त्याच्याबरोबर जाळायचं. दोन, तिला जन्मभर विधवा ठेवायचं. आणि मुलींची लग्नं लहानपणीच उरकायची. निबंधात तिला ‘वाढीव बाई’ अशा अर्थाचं पद आहे. हिशेबात जास्त झालेली. माई दुपारी माजघरात वाती वळत बसायच्या ते चित्र आणि ते पद मी अजून शेजारी शेजारी ठेवू शकत नाही.

पुन्हा इंग्लंडात जाते. तेराव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिमेकडच्या परगण्यांत ‘हाली मेइथहाद’ नावाचं एक पुस्तक लिहिलं गेलं. पवित्र कौमार्य. मुलींनी लग्न करू नये, मठात जावं म्हणून त्यांचं मन वळवायला. आता यात स्वर्गाचं वर्णन असणार, असं समजून मी कंटाळतच उघडलं. तर लेखक स्वर्ग सोडून स्वयंपाकघरात शिरला. बाई बाहेरून घरात येते तर पोर किंचाळतंय, मांजर मांसाच्या तुकड्याला लागलंय, कुत्रा कातड्याला, भाकर दगडावर जळतेय, वासरू दूध पिऊन टाकतंय, मडकं उतू जाऊन विस्तवात सांडतंय, आणि वर दादला करवादतोय. आठशे वर्षांपूर्वीचं गद्य, बहुधा पुरुषानं लिहिलेलं, आणि त्याला जात्यावरच्या ओवीचा वास येतो. कौमार्य राख, त्यात पुण्य आहे, हे सांगून मुली ऐकत नसाव्यात. मडकं उतू जातं, हे सांगावं लागलं.

चौदाव्या शतकातल्या चौसर कवीची बाथची बाई या सगळ्यांना उत्तर देते. पाच नवरे केलेली, कानानं जरा बहिरी, आणि धर्मशास्त्र तोंडपाठ. तुमच्या कुमारिका गव्हाच्या पांढऱ्या पिठाच्या असू देत, म्हणते, आम्ही बायका जवाची भाकरी. पण बायबलात मार्कनं सांगितलंय, की येशूनं जवाच्या भाकरीवरच पुष्कळांचं पोट भरलं. खरं तर जवाचा उल्लेख मार्कमध्ये नाही, योहानात आहे. शास्त्र कोळून प्यायलेल्या बाईच्या तोंडी चौसरनं ही चूक का घातली, त्यानं मुद्दाम केलं की त्याचंच विसरणं, यावर मी एक अख्खी सुट्टी घालवली आणि हाती काही लागलं नाही. पण पोळी आणि भाकरी! आमच्या वर्गात हे समजावून सांगायला तीस सेकंद लागत.

याच बाईच्या बोलण्यात एक ओळ सहज येऊन जाते: ख्रिस्त ‘मेड’ होता. मुलं दचकत. मेड म्हणजे मोलकरीण ना, मॅडम? तेव्हा नव्हता तो अर्थ एकटा. मध्ययुगीन इंग्रजीत ‘मेड’ आणि ‘मेडन’ हे शब्द ब्रह्मचारी पुरुषालाही लावत. कौमार्य ही एक अवस्था होती, ती कुणाचीही असू शकत होती. पुढं पुरुष त्या शब्दातून हळूच उठून गेले आणि मागं फक्त बायका राहिल्या. एकदा ही वाट दिसली की सगळीकडं दिसायला लागते.

‘मेडनहेड’चं तसंच. त्यातल्या ‘हेड’चा डोक्याशी संबंध नाही. ते आपल्या ‘बालपण’मधलं ‘पण’ आहे.

पुरुषांकडं या शब्दाचा एकच अर्थ परत आला, तो क्रिकेटमध्ये. ज्या षटकात धाव निघाली नाही ते ‘मेडन’. मराठीत कुणा शहाण्यानं त्याला ‘निर्धाव षटक’ केलं आणि कौमार्य तिथून हद्दपार करून टाकलं. माझे वडील बापू नाडकर्णींचे भक्त. जानेवारी १९६४मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी लागोपाठ एकवीस निर्धाव षटकं टाकली, १३१ चेंडू एकही धाव दिली नाही. ३२ षटकं, २७ निर्धाव, ५ धावा, बळी शून्य. वडील हे आकडे श्लोकासारखे म्हणायचे. साहेबाच्या भाषेत बापूंनी त्या दिवशी साहेबापुढं काय केलं होतं, हे त्यांना सांगायचा मला कधी धीर झाला नाही.

‘व्हर्च्यू’ हा मात्र मला या सगळ्यांत अस्सल फसवणुकीचा शब्द वाटतो. लॅटिन ‘विर’ म्हणजे पुरुष. आपल्या ‘वीर’चा भाऊ. ‘व्हर्च्यू’ म्हणजे मुळात वीरता, मर्दानगी. रणातला शब्द. तो हळूहळू सद्गुण झाला, सगळ्या गुणांचं पोतं झाला, आणि बाईच्या दारात पोचेपर्यंत त्या पोत्यात एकच दाणा उरला. बाईची वीरता म्हणजे कुणा वीराला जवळ येऊ न देणं. १७४० साली रिचर्डसननं ‘पॅमेला’ लिहिली, तिचं उपशीर्षक ‘व्हर्च्यूला मिळालेलं बक्षीस’. मोलकरीण मालकाला दाद देत नाही, म्हणून शेवटी मालक तिच्याशी लग्न करतो. बक्षीस म्हणजे तोच मालक! पुढच्याच वर्षी फील्डिंगनं ‘शमेला’ लिहून टर उडवली. त्याची नायिका शब्दाचा उच्चारही ‘व्हार्च्यू’ असा करते आणि सरळ हिशेब मांडते, की रूप विकून थोडं मिळेल, व्हार्च्यू राखून घबाड मिळेल. मला फील्डिंग नेहमीच जास्त प्रामाणिक वाटला. त्या पोराच्या अर्थानं.

इंग्रज लेखिका मेरी वॉलस्टनक्राफ्ट १७९२मध्ये यावर चिडली तेव्हा ती काही पावित्र्याच्या विरोधात नव्हती. तिचा राग हिशेबावर होता. अब्रू, ती म्हणते, एकाच गुणावर येऊन बसली आहे. ती एवढी सांभाळली, की मग बाईनं बाकीची सगळी कर्तव्यं सोडावीत, जुगार खेळून घर धुळीला मिळवावं, तरी ताठ मानेनं ‘अब्रूदार’ म्हणून फिरावं. हे वाचताना आपलाच ‘अब्रू’ शब्द मी उलगडून पाहिला. फारसी आब, पाणी, आणि रू, चेहरा. चेहऱ्यावरचं पाणी. पुरुषाचं ते कर्ज बुडवल्यानं जातं, जप्ती आल्यानं जातं, निवडणूक हरल्यानं जातं. बाईचं जायला एकच वाट. मराठी वर्तमानपत्रात ‘अब्रू लुटली’ असं छापून यायचं तेव्हा कुणाला वाटत नसे, की तिच्या पतपेढीचं दिवाळं निघालं.

चांगल्या शब्दांची ही गत, तर वाईट शब्द दुसऱ्याच वाटेनं आलेत. ‘हार्लट’ म्हणजे वेश्या, हे कोशात मिळेल. पण चौसर एका पुरुषालाच ‘हार्लट’ म्हणतो, चर्चच्या कोर्टाचे समन्स बजावणाऱ्या माणसाला, आणि वर ‘भला आणि मायाळू’ अशी विशेषणं लावतो. तेव्हा त्याचा अर्थ भटक्या, वांड माणूस. पुरुषाच्या अंगावरून तो बाईच्या अंगावर गेला आणि जाताना शिवी होऊन गेला. ‘ल्यूड’ म्हणजे आज अश्लील, पण मुळात तो ‘चर्चचा नसलेला, अडाणी’. पाद्रीच गंजला तर बिचारा ‘ल्यूड’ माणूस गंजेल यात नवल काय, असं चौसरचा गरीब पाद्री विचारतो. तिथं अश्लीलतेचा लवलेश नाही, फक्त अक्षरओळख नाही. शिकलेल्यांनी न शिकलेल्यांच्या अंगावर ही घाण कशी लोटली, त्याचा इतिहास या एका शब्दात बसलाय. आणि आपण ‘रांड’ शब्दाकडे पाहिलं तर इंग्रजांना हसायला जागाच राहत नाही. जिचा नवरा मेला ती. बस, एवढाच गुन्हा होता. जुन्या बायका स्वतःच्या वैधव्याला ‘रांडाव’ म्हणायच्या, शिवी म्हणून नव्हे, दाखल्यावर लिहावं तसं. माईंना आम्ही सोवळ्या म्हणायचो, आणि गावातलं कुणी भांडणात दुसरा शब्द वापरायचं. दोन्ही शब्द एकाच गोष्टीचे होते.

पण माझा लाडका शब्द ‘वाँटन’. स्वैर, चंचल, कामुक. फोडला तर ‘वान’ म्हणजे उणा, आणि ‘टाउन’ हे ओढणे, पुढं नेणे, वळण लावणे अशा जुन्या क्रियापदाचं रूप. जिला नीट वळण लावलं नाही ती. आता आपला ‘विनय’ घ्या. वि आणि नी, नेणे. ज्याला नीट नेलंय, शिकवलंय, तो विनीत. म्हणजे ‘वाँटन’चं अक्षरशः संस्कृत होतं ‘अविनीत’. दोन भाषांनी एकमेकींकडे न पाहता एकच दोर हातात धरला होता.

हा दोर कोर्टात गेला म्हणून एवढं सांगते.

इंग्लंडात बाईला कुणी ‘होर’, म्हणजे वेश्या, म्हटलं, तर शतकानुशतकं ती जाई चर्चच्या कोर्टात. सतराव्या शतकात अब्रूनुकसानीच्या अशा फिर्यादींत बायकांचीच गर्दी असे. लोक त्या कोर्टाला ‘बॉडी कोर्ट’ म्हणत, म्हणजे चावट गोष्टींचं कोर्ट. दोषी ठरलेल्यानं पांढरी चादर पांघरून भर चर्चमध्ये उभं राहायचं. पुन्हा तेच पांढरं, तेच स्वच्छ. राजाच्या साध्या कोर्टात मात्र नुसत्या शब्दाला किंमत नव्हती, त्यापायी पैशाचं नेमकं नुकसान काय झालं ते दाखवावं लागे. त्या शब्दामुळं ठरलेलं लग्न मोडलं, अशासारखं काही. बाईच्या शीलावर आळ घेणं हेच नुकसान, त्याला वेगळा पुरावा नको, असं सांगणारा कायदा यायला १८९१ साल उजाडलं. तो रद्द झाला २०१३च्या बदनामी कायद्यानं.

आणि नवऱ्यासाठी होती ‘क्रिमिनल कॉन्व्हर्सेशन’. वाचणाऱ्याला वाटावं, दोघं गप्पा मारताना पकडले. पण ‘कॉन्व्हर्सेशन’चा जुना अर्थ राहणी, वागणूक. १६११च्या बायबलमध्ये पत्नीच्या ‘चेस्ट कॉन्व्हर्सेशन’ची स्तुती आहे, ती तिच्या बोलण्याची नव्हे, चालीची. आपल्याकडे बाईची ‘चाल’ बघतात, तसंच. तर ज्याच्या बायकोशी दुसऱ्यानं अशी ‘राहणी’ केली, त्या नवऱ्याला भरपाईचा दावा लावता येई. १७७०मध्ये राजाचा सख्खा भाऊ ड्यूक ऑफ कंबरलंड याला लॉर्ड ग्रोव्हनरला दहा हजार पौंड मोजावे लागले. खटला दोन पुरुषांमधला. बाई त्यात वादी नाही, प्रतिवादी नाही, साक्षीदारसुद्धा नाही. एखाद्याच्या शेतात दुसऱ्याचं गुरू शिरलं, तर शेताची साक्ष कोण काढतं?

१८३६ साली जॉर्ज नॉर्टननं असा दावा थेट पंतप्रधान लॉर्ड मेलबर्नवर लावला. मागणी पुन्हा दहा हजार पौंडांची. ज्यूरीनं जागेवरून न उठता मेलबर्नला निर्दोष ठरवलं. पंतप्रधान सुटले, नॉर्टनही घरी गेला. कॅरोलिन नॉर्टनला मात्र एक शब्द बोलायला मिळाला नव्हता, आणि तिची तीन मुलं नवऱ्याकडे होती, कारण कायद्यानं ती त्याची होती. ती लिहिणारी बाई होती. पत्रकं काढली, खासदारांच्या मागं लागली. १८३९मध्ये सात वर्षांखालच्या मुलांसाठी आईला कोर्टाकडे अर्ज करता येईल असा कायदा झाला. त्यातूनही, जिचा व्यभिचार सिद्ध झाला ती आई वगळलेली. क्रिमिनल कॉन्व्हर्सेशनचा दावा १८५७मध्ये बंद झाला.

बंद झाला तो इंग्लंडात. मेकॉलेनं १८३७मध्ये भारतासाठी दंडसंहितेचा जो मसुदा केला, त्यात व्यभिचार हा गुन्हा धरलेला नव्हता. नंतरच्यांनी तो घातला, आणि १८६०च्या संहितेत कलम ४९७ झालं. बाईला शिक्षा नाही, तक्रारीचा हक्क नवऱ्याचा, नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही. शेताचा न्याय तोच. ते कलम सर्वोच्च न्यायालयानं सप्टेंबर २०१८मध्ये रद्द केलं, तेव्हा मी निवृत्त होऊन दोन वर्षं झाली होती. त्या दिवशी वर्ग हाताशी नाही याची चुटपुट लागली.

त्याच संहितेचं कलम ३५४. बाईची ‘मॉडेस्टी’. तीही लॅटिनमधून आलेली, ‘मोदुस’ म्हणजे माप. मापात राहणं हा पूर्वी पुरुषाचाही गुण होता. तिचं मराठी कुणीतरी केलं ‘विनयभंग’. मला हा मराठीतला फार हुशार आणि फार दुःखी अनुवाद वाटतो. विद्येनं विनय येतो हे आपण मुलग्यांना घोकून घेत आलो, विद्वान माणसाच्या सत्कारात त्याच्या विनयाचे गोडवे गातो, पण त्याचा विनय कुणी भंग करू शकत नाही. इंग्रजी शब्द जेवढा आक्रसला होता, नेमका तेवढाच मराठी शब्द आक्रसून दाखवला. १९६६मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं प्रश्न आला होता, की साडेसात महिन्यांच्या मुलीला ‘मॉडेस्टी’ असते का. उच्च न्यायालयाला ती दिसली नव्हती. बहुमतानं ठरलं, असते, कारण बाईची मॉडेस्टी तिच्या बाई असण्यातच आहे. निकाल योग्यच होता. पण एका तान्ह्या जिवाला इजा झाली, हे सांगायला न्यायाधीशांना या जुन्या शब्दाच्या बोळातून जावं लागलं. संहिता बदलली, १ जुलै २०२४पासून नवी लागू झाली, कलमाचा आकडा ७४ झाला. शब्द तोच आहे.

ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एक पुस्तिका काढली होती, न्यायाधीशांनी कुठले शब्द टाळावेत याची. त्यात ‘चेस्ट वुमन’ होती, ‘हार्लट’ होती, ‘स्पिन्स्टर’ होती. माझ्या वहीतली अर्धी मंडळी तिथं ओळीनं उभी दिसली. बऱ्याच शब्दांपुढं पर्याय म्हणून एकच शब्द होता: बाई. मी ती यादी दोनदा वाचली. एखाद्या जुन्या वाड्यातलं सामान काढून अंगणात मांडल्यासारखं वाटलं.

राहिली त्या ओळीची गोष्ट. एवढ्या वर्षांत तिला मी पुष्कळ उत्तरं ऐकली. एकनिष्ठ, शीलवान, पतिव्रता, निष्कलंक, घरंदाज. एकानं ‘गरती’ म्हटलं, त्यानं मी हरखले होते. पण सगळ्यांची अडचण तीच: बाईला बसतात, इयागोला बसत नाहीत. आणि इयागोचं ‘प्रामाणिक’ बाईला बसत नाही. दोघांना एकच शब्द नसला तर नाटकातला फास आवळला जात नाही.

माझ्या शेवटच्या वर्षी पहिल्या बाकावर एक मुलगी बसायची. वर्षभरात तोंड उघडलं नव्हतं. त्या दिवशी तिनं हात वर केला. “मॅडम, ‘चांगली’ लिहिलं तर?”

मी फळ्यावर लिहून पाहिलं. चांगला इयागो. इयागो चांगला माणूस आहे. माझी बायको चांगली आहे असं मला वाटतं, आणि नाही असंही वाटतं. खडू तसाच हातात राहिला. ‘तो माणूस चांगला नाही’ म्हटलं, की आपण विचारतो, का, काय केलं त्यानं? ‘ती बाई चांगली नाही’ म्हटलं, की कुणी काही विचारत नाही.

“कुठून सुचलं गं तुला?” मी विचारलं.

“आमच्या शेजारच्या काकूंना सगळे असंच म्हणतात,” ती म्हणाली आणि खाली बसली.